आखितीच्या आधी

लवूला ‘थांब’ हा शब्द कुणी शिकवला कोण जाणे, पण एकदा शिकला तो त्याने जन्मभर पुरवला. भाट्याच्या पुलापलीकडच्या चढणीवर, जांभ्या दगडाच्या जोत्यावर त्याचं कौलारू घर होतं. धंदा कलमं बांधायचा. श्रावणात आंब्याची कोय रुजून तांबूस पानं फुटली, की त्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, चांगल्या झाडाची काडी त्यावर बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायची. लवूच्या हातची शंभरातली नव्वद कलमं जगायची, त्यामुळे आसपासच्या बागवाल्यांना त्याचाच हात हवा असे. पण हाताबरोबर त्याचे नेमही घ्यावे लागत. दिवस मावळल्यावर झाडाला हात लावायचा नाही. लावल्यापासून पाच वर्षं कलमाला फळ धरू द्यायचं नाही, मोहोर आला की खुडायचा. आणि आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना पान दाखवल्याशिवाय पिका आंबा तोंडात घालायचा नाही. बागवाल्यांची पोरं पाडव्यालाच आमरस ओरपीत, आणि ज्याने त्यांच्या बागा उभ्या केल्या तो गडी आखितीची वाट बघत वालाची उसळ जेवत असे. वाडीतली माणसं म्हणत, लवू म्हणजे पाय फुटलेलं पंचांग.

त्याची बायको मथुरा गुहागरकडची, बापाची एकुलती एक. माहेरच्या अंगणात एक जुना रायवळ आंबा होता. फळ दिसायला यथातथाच, पण कापलं की केवड्याचा वास सुटायचा, म्हणून त्याला केवड्या म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात लवू सासुरवाडीला गेला, तेव्हा सासऱ्याने हौसेने केवड्याच्या फोडी करून ताट पुढे ठेवलं. नव्या जावयाने ते ताट हळूच मागे सारलं. “आखिती होवंदे, मग खातंय,” म्हणाला. सासरा बिचारा हसला आणि फोडी आत घेऊन गेला. पुढे कधी पावसात, कधी गणपतीत लवू तिथे जाऊन आला. आंब्याच्या दिवसांत मात्र इकडच्या बागांतून त्याचा पाय निघाला नाही. सासरा वारला. केवड्याची चव काही जावयाला कळली नाही, आणि तेव्हा त्याचं त्याला काही वाटलंही नाही.

पंच्याण्णवच्या श्रावणात मथुरा माहेरच्या गावी गेली आणि येताना ओल्या फडक्यात गुंडाळून केवड्याच्या तीन काड्या घेऊन आली.

“ह्या मी बांधनार,” ती म्हणाली.

“तुझ्यानं व्हायचा नाय गो तां. दे हिकडे.”

“तुमी बघाच.”

लवूने चाकू दिला आणि मजा बघत बसला. हिने जीभ दातांत धरून, बोट कापून घेऊन तिन्ही कलमं बांधली. दोन वाळली, एक जगलं. शंभरातली नव्वद जगवणाऱ्याने बायकोला त्यावरून वर्षभर चिडवलं. पण पुढच्या जूनमध्ये न्हाणीच्या मागे कातळात त्यानेच आठ दिवस पहार मारून खड्डा केला, आणि तिने वहाळाकडून पाटीपाटीने माती वाहून तो भरला. कलम लागलं. त्याच्या दुसऱ्या वर्षी गावाहून निरोप आला, की चुलतभावांनी स्लॅबचं घर बांधायला घेतलंय आणि आड येत होता म्हणून केवड्या तोडला. मथुरा त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी न्हाणीमागे जाऊन त्या कमरेएवढ्या कलमापाशी बसली. “माज्या बापाचा आता ह्योच,” एवढंच तिने लवूला सांगितलं.

हे सगळं पुढच्या गोष्टीसाठी सांगावं लागलं. खरी गोष्ट आहे ती एका वर्षाची, नव्व्याण्णवच्या श्रावणापासून पुढच्या आखितीपर्यंतची. लवूला ते वर्ष आजही दिवसाच्या हिशेबाने आठवतं, आणि आठवायला बसला की चहा निवतो.

त्या वर्षाची सुरुवात चांगली होती, हेच त्याला जास्त लागतं. मे महिन्यात त्याच्या मुलाचं, नितेशचं लग्न झालं होतं. नितेश मिरजोळ्याला कारखान्यात कामाला. सून वेदिका, हसरी आणि धांदरट. घरात तिचा पहिला श्रावण, पहिले गणपती. मथुरा तिला घेऊन दिवसभर घरामागच्या परड्यात असायची. पडवळाला दगड बांधायचा तो कुठे, अबोली कुठून खुडायची, अळवाची कुठली पानं खाजतात, सगळं शिकवणं चालू. पाऊस त्या वर्षी सरता सरेना. दसरा जवळ आला तरी कुंपणाच्या गडग्यावरचं शेवाळ ओलंच होतं. दोडके कुजले, पण भोपळा मांडवभर पसरला आणि दोघींनी मिळून गडग्यापलीकडच्या मरियमला चार भोपळे दिले. मरियमचा नवरा करीम कुवेतला असायचा. ती आणि मथुरा रोज त्या दगडी गडग्याच्या दोन बाजूंनी कोपरं टेकून बोलत उभ्या राहायच्या. करीम कधी येणार इथपासून ते आज बांगडा मिळाला की नाही इथपर्यंत.

दिवाळीत मथुरेने चकलीचा सोऱ्या वेदिकेच्या हातात दिला. “पोटात कळ मारतंय जरा. तू पाड,” म्हणाली. वेदिकेच्या चकल्या तेलात विरघळल्या आणि सगळे हसले, मथुरा सगळ्यांत जास्त. लवूही हसला. कळ कसली ते कुणी विचारलं नाही. बाईमाणसाचं दुखणं घरात असतंच, ओव्याचा काढा घेतला की जातं, असं त्याला वाटलं. आता त्या हसण्याची आपल्याला लाज वाटते, असं तो सरळ सांगतो.

डिसेंबरात थंडी चांगली पडली. बागा मोहोरल्या आणि न्हाणीमागचं कलमही मोहोरलं, पोरवयातलं, पुरुषभर उंचीचं. लवू नेहमीप्रमाणे गेला आणि तुरे खुडायला लागला. मथुरा मागे येऊन उभी राहिली. एव्हाना तिची बांगडी कोपरापर्यंत चढत होती.

“यंदा एक तुरा ठेवाल काय?”

“खुळी काय तू? साडेतीन वर्षांचा झाड ह्या. कवळ्या पोरीच्या काखेला पोर दिल्यासारखा व्हईल. पाच वर्षा होवंदेत, मग खा पोटभर.”

“एकच म्हनतंय.”

“थांब गो जरा.”

ती थांबली. लवूने झाड मोकळं केलं, खुडलेला मोहोर पाटीत भरून नेला आणि त्यात चूक काही नव्हती. कुणाही माळ्याने हेच केलं असतं. माघात धुकं पडायला लागलं, तुडतुड्याने बागा धरल्या, आणि फवारणीसाठी लवू पहाटेचा जो बाहेर पडे तो दिवस कलल्यावर घरी येई. मथुरा अंथरुणाला टेकायला लागली होती. वेदिका सासूला आत्या म्हणे. शेवटी तीच एक दिवस नवऱ्याला म्हणाली, की आत्या जेवत नाहीत, जेवल्याचं दाखवतात. मग पळापळ झाली. इथल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं. तिथे तपासण्या झाल्या, आणि नितेशने बापाला एस.टी. स्टँडवरच्या चहाच्या टेबलाशी बसवून सांगितलं, की पोटात गाठ आहे, पसरलीये, आता दोन-तीन महिने. मथुरा बाकावर पिशव्या सांभाळत बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. गाडी घाट उतरत असताना तिने लवूला विचारलं, “कलमाला पानी घातला आसल ना वेदिकेनं?”

शिमगा झाला. एक दिवस दुपारी लवू न्हाणीमागे फांदीला टेकू द्यायला गेला, तर गडग्याच्या बाजूला, पानांच्या आड, त्याला एक हिरवं फडकं दिसलं. जुन्या ओढणीचा तुकडा होता तो, सैल पिशवीसारखा बांधलेला. गाठ सोडली तर आत एका देठाला लिंबाएवढ्या पाच कैऱ्या. लवूचं डोकंच फिरलं. चोरून मोहोर राखलेला, आणि तोही त्याच्या स्वतःच्या घरात. त्याने कमरेचा चाकू काढला.

“लवूभाऊ, चाकू खाली ठेव आधी,” गडग्यापलीकडून मरियम म्हणाली. “मीच बांधलाय तां. तिचा हात पुरत नव्हता, म्हनून माज्या बाजूनं बांधून घेतलान. तू हिकडे बघत नायस ता तिला ठावूक होता.”

लवू तसाच आत गेला. मथुरा पडवीतल्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. त्याच्या हातातलं हिरवं फडकं बघून तिला हसू आलं.

“गावला काय? मला वाटला आखितीपतूर दिसायचा नाय तुमाला.”

“पाच वर्षांचा नेम हाय, तुला ठावूक नाय?”

“पाच वर्षा तुमच्याकडे आसतील,” ती म्हणाली.

म्हणजे तिला माहीत होतं. कुणी न सांगता सगळं माहीत होतं. लवू फडकं हातात धरून खाटेच्या पायाशी बसला. मथुराच मग म्हणाली, “त्याचा वास तसाच येतो काय, एवढाच बघायचाय मला. माज्या बापाच्या झाडाचा. दुसरा काय मागनं नाय.”

लवू उठला आणि बाहेर गेला. त्याने पाचांतल्या चार कैऱ्या काढल्या आणि एक ठेवली. झाडालाही त्रास नको आणि तिचीही इच्छा राहू दे, असा त्याने मधला मार्ग काढला, आणि आपण फार मोठं मन केलं असं त्या दिवशी त्याला वाटलं.

त्यानंतर त्या एका कैरीची जी राखण झाली तशी राजाच्या पोराचीही होत नसेल. हजारो पेट्यांचा आंबा ज्याच्या नजरेखालून जाई तो माणूस सकाळी उठला की आधी न्हाणीमागे. कैरीला जाळीची पिशवी बांधली. माकडं येतात म्हणून वेदिकेला डबा वाजवायला बसवलं. पाडवा झाला, त्यानंतर आठवड्याने अवकाळी वारा सुटला आणि थेंब पडायला लागले, तेव्हा पन्नाशीचा हा गडी डोक्यावर इरलं घेऊन फांदी हाताने धरून तासभर उभा राहिला. पडवीतून मथुरा ओरडत होती, “अवो, येवा आत! आंबा जाऊ दे, तुमाला सर्दी व्हईल!” ओरडताना तिला धाप लागत होती, पण तोंडावर हसू होतं. त्या वर्षातलं ते शेवटचं हसू म्हणून लवूला तो पाऊस आठवतो.

एप्रिल सरता सरता कैरी तयार झाली. लवूने देठासकट काढली, चीक पुसला, आणि भाताच्या पेंढ्यात अढी घालून टोपली मथुरेच्या खाटेखाली ठेवली. आठव्या-नवव्या दिवशी पडवीत वास सुटला. वेदिका चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थांबली. मथुरा डोळे मिटून पडली होती. आता ती पाण्याशिवाय काही घेत नव्हती. डोळे न उघडताच म्हणाली, “पिकला.”

सोमवार होता तो. आखिती शनिवारी होती.

लवूने टोपली ओढून आंबा हातात घेतला, दाबून बघितला. तयार होता. कोयती भिंतीला होती. पण लहानपणी आजीने सांगितलेली एक गोष्ट त्याच्या मनात रुतून बसली होती. त्याच्या थोरल्या चुलत्याने एकदा हावरटपणाने आखितीच्या आधी आंबा खाल्ला, पितरांचा घास चोरला, आणि त्याच आठवड्यात चुलती गेली. खरं-खोटं देव जाणे. पण हा बिचारा खाटेवरच्या बायकोकडे बघत होता आणि त्याला वाटत होतं, की जन्मभर पाळलेला नेम नेमका आत्ता मोडायचा, आणि हिचं काही बरंवाईट झालं तर? चार दिवस निभावले तर कदाचित पितरही प्रसन्न होतील, आणखी चार महिने देतील. आता हे ऐकून कुणी हसेल. पण आपल्या माणसाच्या खाटेशी बसलेल्याला असलेच हिशेब सुचतात.

“एक फोड द्याल?” मथुरेने विचारलं.

“मधले चारच दिवस गो. शनिवारी बापाला दाखवू तुझ्या, मग खा.”

तिने मान हलवली. “बरा,” म्हणाली.

मंगळवारी मरियम आली. वाटीत तांदळाची पेज घेऊन आली होती, मथुरेने ती घेतली नाही. जाताना तिने लवूला अंगणात गाठलं. “दे तिला आजच. आमच्यात आसा काय नाय, तू देत नसशील तर मी भरवतंय. माज्या हातनं गेला तर तुला दोष लागायचा नाय.”

“आता चार दिवस नायत, तीनच ऱ्हायले,” लवू म्हणाला. मरियम पेजेची भरली वाटी घेऊन गेली. ती भरली वाटी लवूला आजवर पुरलीय.

बुधवारी सकाळी दूधवाला हाक मारून गेला. वेदिका भांडं घेऊन आत आली आणि आत्यांना उठवायला गेली, ती भांडं टाकून बाहेर पळत आली. मथुरा कुशीवर होती, तोंड खाली टोपलीकडे. एक हात खाटेखाली लोंबत होता आणि बोटांना पेंढा लागलेला होता. तिने टोपलीपर्यंत हात नेला होता. आंब्यापर्यंत पोचला की नाही, ते कुणाला सांगता येत नाही. आंबा जागेवर होता.

शनिवारी आखिती आली आणि गेली. घरात सुतक, मग पितरांना पान कसलं आणि नैवेद्य कसला. पडवीतला वास मात्र कुणाचं सुतक मानत नव्हता. तो वाढत गेला. येणारी-जाणारी माणसं दुखवट्याचं बोलता बोलता नाक वर करायची आणि मग ओशाळायची. दहाव्याला लवूला वाटलं होतं, कावळा शिवणार नाही. आपण काय केलंय ते सगळ्यांसमोर येईल, आणि तसं यावं असंही त्याला कुठेतरी वाटत होतं. पण पिंड ठेवून माणसं मागे सरली न सरली तोच कावळा आला आणि भात घेऊन गेला. मथुरेने कधी कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. लवू तिथेच वाळूत बसून रडला. नितेशने त्याला धरून घरी आणलं.

घरी येऊन त्याने टोपली उघडली. आंबा काळा पडून फुटला होता, पेंढा चिकट झाला होता. त्याने तो न्हाणीमागे नेऊन कलमाच्या मुळाशी पुरला.

त्या पावसाळ्यात त्याने कलमं बांधली, पण शंभरातली साठसुद्धा जगली नाहीत. डिसेंबरात न्हाणीमागचं झाड पुन्हा मोहोरलं. साडेचार वर्षं झाली होती. लवूने एकाही तुऱ्याला हात लावला नाही. एक बागवाला येऊन बघून म्हणाला, “काय रे लवू, पाच वर्षं झाली नाहीत की?” लवू म्हणाला, “बैल गेला नि झोपा केला, आसा समजा.”

एकवीस आंबे धरले. पहिला पिकला तेव्हा आखितीला आठ दिवस होते. लवूने तो धुतला, कोयती घेतली आणि ओटीवर बसून हाक मारली. वेदिका बाहेर आली. तिला सातवा महिना होता. त्याने फोड तिच्या पुढे धरली.

“मामा, आखिती अजून...”

“खा. आत्ता खा.”

तिने घाबरत घाबरत खाल्ली. दुसरी फोड घेऊन तो गडग्यापाशी गेला आणि मरियमला दिली. ती तिथेच खाऊ लागली. मागोमाग वेदिकाही आली होती; दोघींची तोंडं तो आळीपाळीने बघत राहिला.

“केवड्याचा वास येतो काय? तिच्या बापाच्या झाडाचा, तोच काय?”

“गोड हाय, मामा,” वेदिका म्हणाली. “वास पन येतो. पन तोच काय ता मी कसा सांगू? तो आंबा मी कुटं खाल्ला होता?”

मरियमने पदराने डोळे पुसले. “मी पन नाय, लवूभाऊ.”

लवू ओटीवर परत आला. ताटात एक फोड उरली होती. सत्तावीस वर्षांपूर्वी सासऱ्याने पुढे ठेवलेलं ताट त्याला आठवलं, आणि ते मागे सारणारा स्वतःचा हात आठवला. त्याने फोड उचलून तोंडात घातली. आंबा चांगला गोड होता. पण तो केवड्या होता की नव्हता, हे ओळखणारं त्या घरात आता कुणी नव्हतं.